थोरला देश, धाकटा देश आणि वह्यांची शेड

तळोज्यातल्या एका शेडमधल्या बायकांचं पुढे काय व्हायचं, ते दोन परक्या देशांवर ठरणार होतं आणि त्या दोन्ही देशांना याची काही कल्पना नव्हती. कल्पना होती ती मला. हे दोन देश दर वर्षी बाहेरून किती किमतीचा कागद आणि पुठ्ठा आणतात, याची तुलना करायचं काम माझ्याकडे होतं. नोकरी म्हणून असं काही असतं हे लोकांना पटत नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आधी माझ्या स्वभावाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. एस.टी.त खिडकी मिळाली की शेजारच्याची क्षमा मागावीशी वाटते. माझ्या लग्नात बायकोच्या मामांचा पाय मुरगळला. तेव्हा मी हार घालून बोहल्यावर उभा होतो, ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. तरी अजून मामा भेटले की मी आधी त्यांच्या पायाची चौकशी करतो. अशा माणसाने आकड्यांच्या नोकरीत पडू नये, कारण आकडे कुणाच्या ना कुणाच्या विरुद्ध जातातच.

आमचा कारखाना तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. पनवेलहून कंपनीची बस सुटे, आणि डोळे मिटून बसलं तरी थांबा चुकत नसे. नाकात सडक्या अंड्यांचा वास आला की पुढच्या वळणावर आपण, असा हिशोब होता. एका शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी व्हायची, दुसरीत शाळेच्या वह्या. खोक्यांच्या शेडमध्ये यंत्रं जास्त आणि माणसं कमी होती. वह्यांच्या शेडमध्ये आजूबाजूच्या गावांतल्या बायका कागद मोजायच्या, घड्या घालायच्या, शिवायच्या, पुठ्ठे चिकटवायच्या. त्यांच्या मुकादम चांगुणाबाई. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि आवाज असा, की खोक्यांची यंत्रं चालू असताना त्या इकडून बोलल्या तर तिकडे ऐकू यावं.

मालक ठोसर साहेब. पनवेलचेच, पण शिक्षण मुंबईत झालेलं. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ, जो तो निर्यातीची भाषा बोलत होता. आमच्या गल्लीतला पापडवालासुद्धा 'क्वालिटी' म्हणू लागला होता. अशात साहेब कुठल्याशा निर्यातीच्या चर्चासत्राला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तोवर माझं काम कागदाची रिमं आणि डिंकाचे डबे मोजण्याचं होतं. पण संख्याशास्त्राची पदवी होती, आणि ती अर्जात लिहिण्याची चूक मी केली होती.

"बर्वे," साहेब म्हणाले, "आजपासून हवेवर काही नाही. सगळं आकड्यांवर."

प्रश्न सरळ होता. दोन देशांतले दोन दलाल साहेबांना भेटले होते. एका देशाला खोकी हवी होती, दुसऱ्याला वह्या. बँक एकाच शेडच्या वाढीसाठी कर्ज देणार होती. पहिला देश घेतला तर वह्यांची शेड मोकळी करून तिथे खोक्यांचं नवं यंत्र बसणार, बायकांना घरी जावं लागणार. दुसरा घेतला तर बायका राहणार आणि वर आणखी काही लागणार. कोणत्या देशाची कागदाची भूक वर्षानुवर्षं वाढतेय, ते मी शोधायचं होतं. ज्याची वाढतेय तो देश आपला.

देशांची नावं कुणाला सांगायची नाहीत, असं साहेबांनी बजावलं होतं. बाजूच्या कारखान्याचे कान तिखट होते. आता तो कारखानाही नाही आणि ते कानही नाहीत, पण शब्द दिला आहे तेव्हा नावं मी इथेही सांगणार नाही. फायलींवर मी 'मोठा' आणि 'लहान' लिहिलं होतं. चांगुणाबाईंनी त्यांचं थोरला आणि धाकटा करून टाकलं. दोघांनाही समुद्र आहे, एवढं सांगितल्याने कुणाचं नुकसान होऊ नये.

ही गुप्त गोष्ट बायकांना कळली कशी? मी सांगितली. ऑफिसातलं माझं टेबल एवढंसं होतं, त्यावर आलेखाचा मोठा कागद पसरत नसे. तेवढं रुंद टेबल कारखान्यात एकच होतं, वह्यांच्या शेडमधलं, कागद मोजायचं. त्याच्या एका टोकाला मला जागा मिळाली. चांगुणाबाईंनी विचारलं, भाऊ, काय काढताय? मी म्हटलं, आलेख. कसला? विचारलं की मला उत्तर द्यावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या शेडला कळलं, की लाल रेघ थोरल्याची, निळी धाकट्याची, आणि निळी वर गेली तर आपण राहतो.

"म्हंजे धाकटा आपला," चांगुणाबाईंनी जाहीर केलं.

त्या दिवसापासून धाकटा कबड्डीचा संघ असावा तशा बायका त्याच्या मागे उभ्या राहिल्या. सकाळी येताना कागदावर वाकून बघायच्या. पण थोरल्याची आयात धाकट्याच्या कितीतरी पट. एकाच कागदावर दोघं काढले, की लाल रेघ डोंगर चढायची आणि निळी खाली तळाशी पडून राहायची.

"ह्यो तं निजलाय," एकजण म्हणाली.

"त्याला उठवा वो, भाऊ," चांगुणाबाई मला म्हणाल्या, जणू मीच त्याला गुंगीचं औषध दिलं होतं. आणि मला तसं वाटायलाही लागलं.

आता थोडं या कामाविषयी. आयातीची किंमत आणि आयातीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी. हे मी बायकोला एकदा मंडईच्या पिशवीवरून समजावलं होतं. कोथिंबीर महाग झाली की पिशवी हलकी होते आणि तिची किंमत वाढते. नुसती किंमत बघणारा म्हणेल, बर्व्यांकडे हल्ली जेवणं वाढली. तसंच कागदाचं. जगात लगदा महागला की एखादा देश कमी कागद आणूनही कागदावर दिसायला खादाड दिसतो. दुसरी गंमत अशी, की माल निघतो त्या बंदरात त्याची एक किंमत लावतात, आणि उतरतो तिथे बोटीचं भाडं आणि विमा धरून दुसरी. त्यामुळे पाठवणारा म्हणतो एवढा पाठवला, घेणारा म्हणतो जास्त आला, आणि दोघेही खरं बोलत असतात. हे ऐकून बायको म्हणाली, "आणि याचा पगार मिळतो तुम्हाला?" मी तिची क्षमा मागितली.

आकडे मिळायचे मुंबईत, फोर्टातल्या एका ग्रंथालयात. देशोदेशीच्या व्यापाराचे उशीसारखे जाड वार्षिक ग्रंथ तिथे होते. मी एस.टी.ने जाई, दिवसभर उतरवून घेई आणि संध्याकाळी परत येई. एकदा निघायच्या सकाळीच चांगुणाबाईंनी बसथांब्यावर गाठून माझ्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं दिलं. उरणजवळच्या करंज्याला त्यांची बहीण असे, तिच्याकडचे सुके बोंबील आणि सुकट. मी शाकाहारी. पण नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, मी थोरल्याच्या बाजूचा. घेतलं. घरी परत जायला वेळ नव्हता. पुडकं पिशवीत घातलं आणि तसाच मुंबईला गेलो.

एस.टी.त माझ्या शेजारची जागा दादरपर्यंत रिकामी राहिली. ग्रंथालयात पिशवी टेबलाखाली ठेवली. आधी शिपायाने नाक वर केलं, मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडकी उघडली. मी मान खाली घालून कागद आणि पुठ्ठा उतरवत होतो. शेवटी ग्रंथपाल बाई स्वतः उठून आल्या. जाड चष्मा, कडक इस्त्रीची साडी. मी उभा राहिलो आणि त्यांनी काही विचारायच्या आत सगळं कबूल केलं. बोंबील, सुकट, चांगुणाबाई, धाकटा, सगळं.

बाई म्हणाल्या, "करंज्याचे आहेत?"

मी हो म्हटलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, निम्मे देता का? मी सगळेच दिले. नव्या वर्षाचा ग्रंथ अजून नोंद होऊन मांडणीवर यायचा होता. तो त्यांनी आतून आणून माझ्यापुढे ठेवला. त्यानंतर मी गेलो की बाई पुस्तकाच्या आधी माझ्या पिशवीकडे बघत. सरकारी ग्रंथासाठी मी लाच दिली की काय, हा विचार पुढे अनेक आठवडे मला छळत होता. बायकोने समजूत घातली, की लाचेला वास येत नाही.

आकडे हातात आले तसा खरा पेच सुरू झाला. निजलेल्याला उठवायची एक रीत असते, आणि ती प्रामाणिक रीत आहे. दोन्ही देशांच्या पहिल्या वर्षाच्या आकड्याला शंभर धरायचे आणि पुढे कोण कितीने वाढलं ते बघायचं. मग मोठा-लहान हा भेद राहत नाही. दोघांना एका रेषेवर उभं करून शिट्टी मारल्यासारखं होतं. मी तसं केलं आणि निळी रेघ खाडकन उठली. शेडमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी साखर आणली.

पण मला झोप येईना. पहिलं वर्ष मी कुठलं धरलं होतं? ज्या वर्षी धाकट्याने फारच थोडा कागद आणला होता, ते. आजारातून उठलेल्या माणसाचं वजन भराभर वाढतं, तसं ते दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी पुढचं वर्ष पहिलं धरून पाहिलं. लाल रेघ वर. त्याच्या पुढचं धरलं, पुन्हा निळी. एका वर्षी थोरल्याच्या बंदरात संप झाला होता. ते पहिलं धरलं, तर थोरला असा उसळला की कागद पुरेना.

चांगुणाबाई बाजूला उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठला साल धरला तं आपला वर जातो?"

मी बोट ठेवलं.

"मंग तोच धरा ना, भाऊ. सालाला काय कलतंय?"

मी म्हटलं, चांगुणाबाई, तसं करता येत नाही. त्या म्हणाल्या, करता येतंय, तुमीच काल केला. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. रागावल्या असत्या तर मी क्षमा मागितली असती. त्यांनी नुसतं शेडकडे पाहिलं. बायका माना खाली घालून घड्या घालत होत्या. कागदाचा सळसळ आवाज तेवढा येत होता. "ह्यांच्यातली निम्मी परत वीटभट्टीवर जातील," त्या म्हणाल्या, "नायतर दुसऱ्याच्या शेतावर." आणि पदर खोचून कामाला गेल्या.

दोन्ही बाजूंनी अपराधी वाटायची माझी ती पहिलीच वेळ. एक वर्ष निवडावं तर आकड्यांशी खोटं, दुसरं निवडावं तर बायकांशी निष्ठुर. मग मला वाटलं तो एकच निर्मळ मार्ग मी धरला. मी निवडलंच नाही. जितकी वर्षं होती तितके आलेख काढले, दर आलेखात पहिलं वर्ष वेगळं. सगळ्यांची गुंडाळी करून साहेबांकडे नेली.

साहेबांनी ते आलेख टेबलावर पसरले, मग खुर्च्यांवर, मग जमिनीवर. काही भिंतीला टेकवून ठेवले. सगळीकडे लाल-निळं झालं.

"बर्वे, मी देश दोन सांगितले होते."

"देश दोनच आहेत साहेब. पहिलं वर्ष वेगवेगळं आहे."

"मग जिंकलं कोण?"

"ते पहिल्या वर्षावर आहे."

"आणि पहिलं वर्ष कुठलं धरायचं?"

मी म्हटलं, "साहेब, ते आकड्यांतून कळत नाही."

दलालांना उत्तर द्यायची मुदत सोमवारची होती. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, क्षमा नको, उत्तर हवंय. एवढ्यात चांगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डिंकाचा डबा मागायला आल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. डबा त्यांच्या हातातच होता.

"शेट," त्या म्हणाल्या, "देवीला इचारा. तिला साल लागत नाय."

कारखान्याच्या मागच्या गावात गावदेवीचं छोटं देऊळ होतं, आणि तिथला कौल आसपास मानला जाई. साहेबांनी हात उडवला. आपण आकड्यांवर चालतो, म्हणाले. चांगुणाबाई गेल्या. शनिवारी कारखाना सुटायच्या वेळी मात्र साहेबांनी मला गाडीत बसवलं. पुढच्या सीटवर नारळ होता. आलेखांची गुंडाळी घ्या, म्हणाले. ती कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कौल कसा लावतात ते चांगुणाबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरव देवीच्या दोन्ही बाजूंना एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी कळी एका गोष्टीची, डावी दुसरीची. मग तो देवीला गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. ज्या बाजूची कळी आधी सुटून खाली येईल ती गोष्ट देवीने दिली. म्हणजे पडते ती जिंकते. माझ्या आलेखांच्या अगदी उलट. तिथे जो पडतो तो हरतो.

गाभाऱ्यात साहेब, गुरव, दाराशी चांगुणाबाई आणि गुंडाळी छातीशी धरलेला मी, एवढेच होतो. बाकी बायका बाहेर पायऱ्यांवर बसल्या होत्या. गुरवाने उजवी कळी थोरल्याची ठरवली, डावी धाकट्याची. मग डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाय माजे आये, ह्यो ठोसरांचा, आपल्या गावच्या लेकीचा लेक तुज्या दारात आलाय. दोन देश हायत, येक थोरला, येक धाकटा. दोगांना कागद लागतंय. कुनाला किती लागतंय त्याचा काय बी कलत नाय. ह्यो भाऊ लिवून लिवून दमला. थोरल्याला खोकी पायजेत, धाकट्याला वह्या पायजेत. तुला जो पटंल त्याची कली दे गो बाय."

आयात-निर्यातीच्या प्रश्नाची इतकी नेटकी मांडणी मला कधी जमली नव्हती.

आम्ही बघत उभे राहिलो. कळ्या हलेनात. बाहेर कुणी खोकलं की माझं काळीज हले. मग उजवी कळी किंचित घसरली, थांबली, आणि टप्पकन पडली. थोरल्याची.

साहेबांनी मागे वळून चांगुणाबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा देवीकडे. आणि मोठ्याने म्हणाले, "थोरल्याची पडली. धाकट्याची अजून वर आहे. चला बर्वे, वह्या."

गुरवाने तोंड उघडलं. त्याच क्षणी चांगुणाबाईंनी घंटा वाजवली, आणि त्या वाजवतच राहिल्या. इतक्या, की बाहेरच्या बायकांना वाटलं आरती सुरू झाली आणि त्या टाळ्या वाजवत आत शिरल्या. घंटा थांबली तेव्हा गुरवाचं तोंड मिटलेलं होतं आणि साहेब नारळ फोडत होते.

मी काय करावं? बोलावं तर शेड जाते. न बोलावं तर देवीचा निकाल उलटा लागतो, आणि तोही माझ्यामुळे. 'वर गेला तो जिंकला, खाली आला तो हरला' हे गेले कित्येक आठवडे साहेबांच्या डोक्यात मीच भरलं होतं. माझ्या आलेखांनी एका देवीचा कौल फिरवला. संख्याशास्त्रात याला काही नाव नसावं. मी गुंडाळी घट्ट धरून गप्प उभा राहिलो.

वह्यांची शेड वाढली. बायका राहिल्या, आणखी आल्या. पण पुढे जे जे बिघडलं ते मी माझ्या नावावर लिहून ठेवलं. पहिला कंटेनर बंदराच्या वाटेवर जासईला कागदपत्रांत अडकला, तेव्हा मला कारण माहीत होतं, देवीचा उलटवलेला कौल. धाकट्याच्या दलालाकडून तक्रार आली, की माल उत्तम आहे पण वह्यांना माशांचा वास येतो, तेव्हाही. खरं कारण साधं होतं. बायका शेडच्या माळ्यावर सुकट वाळवायच्या. चांगुणाबाईंचं म्हणणं पडलं, की वासाने पोरं जागी राहतील आणि अभ्यास होईल. साहेबांनी सुकट खाली आणायला लावली. पुढच्या खेपेची मागणी दुपटीने आली, तरी माझं मन हलकं झालं नाही. दर दिवाळीला मी कुणाला न सांगता देवळात जाऊन गुरवाच्या हातात एक नारळ ठेवी, माफीचा. तो काही न विचारता घेई. देवळात नवी, चांगली मोठी घंटा आली होती. जुनी त्या संध्याकाळी चांगुणाबाईंच्या हातून तडकली असणार, असं मी धरून चाललो.

आकड्यांचे ग्रंथ दोन-तीन वर्षं मागे चालतात. चांगुणाबाई मात्र विसरल्या नव्हत्या. मी मुंबईला निघालो की विचारायच्या, आपल्या वह्या दिसल्या का वो त्या बुकात? अखेर आमचा माल गेला त्या वर्षाचा ग्रंथ आला. मी धाकट्याचं पान उघडलं. कागद आणि पुठ्ठा. त्या वर्षाच्या रकान्यात आकडा नव्हता, तीन टिंबं होती. खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की देशाने माहिती कळवली नाही. पुढच्या वर्षीही टिंबंच. मी परत येऊन खरं ते सांगितलं. आकडा नाही, टिंबं आहेत.

"टिंबांत हायत मंग," त्या म्हणाल्या आणि पुढचा दस्ता उचलला.

साहेब थकले, कारखाना मुलाने हातात घेतला. मीही मध्यमवयाच्या पलीकडच्या काठाला लागलो. मागच्या वर्षी मनाचा हिय्या करून साहेबांच्या तळ्याजवळच्या घरी गेलो आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. कौलात पडते ती कळी जिंकते. देवीने थोरला दिला होता. मला माहीत होतं, मी बोललो नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बर्वे, त्या गावात माझं आजोळ. चड्डीत होतो तेव्हापासून मी कौल बघतोय."

गुरवाचं गाऱ्हाणं मला आठवलं. आपल्या गावच्या लेकीचा लेक. ते मी कानांनी ऐकलं होतं, आणि माझ्या हातात आकडे असल्यामुळे त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"तुम्ही ती सगळी भेंडोळी आणलीत," ते म्हणाले, "त्यांतून एवढंच कळलं की मला हवं ते मी काढू शकतो. पण हवं काय, तेच कळेना. थोरल्याची कळी सुटली आणि ती उचलून परत चिकटवावीशी वाटली. तेव्हा कळलं."

मग पुढे झुकून त्यांनी मला बजावलं, की हे चांगुणाबाईंना सांगू नका. तिने मला गंडवलं असं तिला वाटतं, त्या जोरावर तिने इतकी वर्षं शेड चालवली.

म्हणजे एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं. आता हे दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलं, तर अंक चांगुणाबाईंच्या घरी जाणार, नात वाचून दाखवणार. न विचारता कसं छापायचं? गेल्या महिन्यात त्यांच्या गावी गेलो. गच्चीवर सुकट पसरून त्या पाखरं हाकत बसल्या होत्या. साहेबांची मनात क्षमा मागून मी त्यांनाही सांगून टाकलं.

चांगुणाबाई हसल्या. काठीने एक कावळा उडवला.

"शेटला ठाव हाय ते मना तवाच कलला. कली पडली तशी त्यानी पयला माज्याकडं बघला, मंग देवीकडं. आनि गुरवाला नवी घंटा त्यानीच दिली ना, गप बसला म्हनून."

मी विचारलं, "आणि घंटा तुम्ही एवढी का वाजवलीत?"

"गुरव येडा हाय. बोलला असता."

मला माझे नारळ आठवले. इतक्या दिवाळ्यांचे. ते तरी कुणाला ठाऊक नसतील, असं वाटलं. मी चाचरत विचारलं.

"गोड व्हते," चांगुणाबाई म्हणाल्या. "तो दर साली शेडमदी आनून द्यायचा. आमी समद्यांनी खाल्ले."

त्यांनी सुकटीचं पुडकं बांधून माझ्या हातात दिलं, आणि मी ते घेतलं. बसची वाट बघत उभा असताना हिशोब जुळवून पाहिला. त्या गाभाऱ्यात आम्ही चौघे होतो. तिघांना सगळं ठाऊक होतं. आकड्यांची गुंडाळी तेवढी माझ्या हातात होती.